नव्या घडवलेल्या नावांचे मूळ काय, आणि ती आपल्याला इतकी का आवडतात?

मलप्रभाकाठ (खानापूर) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. आमच्या घरी मुलगी झाली आहे आणि तिचे बारसे पुढच्या महिन्यात करायचे ठरले आहे. तिचे नक्षत्र मघा, चरण पहिला, म्हणून भटजींनी ‘मा’ हे अक्षर काढून दिले. या अक्षराची मालती, माधवी, माणिक, मालन अशी जुनी नावे घरात सर्वांना ठाऊक आहेत. परंतु माझ्या आणि माझ्या यजमानांच्या मनात मायरा आणि मान्वी ही दोन नवी नावे घर करून बसली आहेत. सासूबाईंना अक्षराचा आग्रह नाही. आमचे कुलदैवत सौंदत्तीची यल्लम्मा, म्हणजेच परशुरामाची आई रेणुका, असल्यामुळे नातीचे नाव रेणुका असावे, असे त्यांना मनापासून वाटते, आणि ते वाटणे मलाही परके नाही, कारण यजमानांच्या आजोबांचे नाव परशराम होते आणि चुलत आजोबांचे यल्लाप्पा.

नावांच्या याद्या पाहू लागले तसा माझा गोंधळ वाढत गेला. मान्वी म्हणजे एका यादीत ‘माणुसकी असलेली’, दुसऱ्या यादीत देवीचे एक नाव. मायराचे अर्थ तर प्रिय, गोड, अद्भुत असे यादीगणिक बदलतात, आणि तो अर्थ कोणत्या भाषेतला किंवा कोणत्या ग्रंथातला, हे कोणीच सांगत नाही. अशी नावे मुळात येतात कुठून? परशराम आणि यल्लाप्पा यांच्या घरात वाढलेल्या आमच्यासारख्यांना ती ऐकताक्षणी आपली का वाटू लागतात? ज्या नावाचा अर्थ खात्रीने सांगता येत नाही, ते ठेवल्याने मुलीवर काही अन्याय होतो का? शिवाय येथील जन्मदाखला कन्नड आणि इंग्रजीत मिळतो आणि घरी आपण मराठी लिहितो, तेव्हा तीन लिप्यांत ही नावे कशी राहतील, याविषयीही जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

निवृत्त संस्कृत शिक्षक (निपाणी) यांचे उत्तर

ताई, प्रथम आपणा उभयतांचे अभिनंदन. आपल्या प्रश्नातील अर्थाचा भाग मी घेतो, कारण आयुष्यभर तेच शिकवीत आलो आहे.

मान्वी हे नाव कसे तयार झाले असावे, हे पाहण्यासाठी तन्वी या शब्दापासून सुरुवात करावी लागते. तनु म्हणजे सडपातळ, नाजूक. त्याचे स्त्रीलिंगी रूप करताना पुढे ई आली की शेवटच्या उ चा व होतो आणि तन्वी हा शब्द सिद्ध होतो. साधु पासून साध्वी, पृथु पासून पृथ्वी, लघु पासून लघ्वी हे शब्द त्याच नियमाने होतात. म्हणजे तन्वी हे नाव व्याकरणाने पूर्ण शुद्ध आहे, अर्थ स्पष्ट आहे, आणि कानाला गोडही आहे. ते लोकप्रिय झाल्यानंतर लोकांच्या कानांनी त्यातील ‘न्वी’ हा शेवट वेगळा काढून घेतला आणि त्याला निरनिराळी आद्याक्षरे जोडली. त्यातून शान्वी, अन्वी, मान्वी ही नावे निघाली. मान्वी व्याकरणाने सिद्ध व्हायचे असेल, तर आधी ‘मानु’ असा शब्द असायला हवा, आणि तसा शब्द संस्कृतात नाही. मनूपासून झालेला मानवी हा शब्द आहे. त्याचा अर्थ मानवजातीतील स्त्री, आणि याद्यांतील ‘माणुसकी’ तेथून आलेली दिसते.

मुलांच्या नावांत हेच काम ‘अंश’ करतो. शिव आणि अंश मिळून शिवांश, रुद्र आणि अंश मिळून रुद्रांश, हे संधी निर्दोष आहेत. त्या नावांवर आक्षेप घ्यायला जागा नाही. परंतु रेयांश किंवा कियांश यांत अंश कोणाचा, या प्रश्नाला संस्कृतात उत्तर मिळत नाही. आरव या नावाचा अर्थ अनेक याद्यांत ‘शांत’ असा दिलेला असतो, आणि संस्कृतात आरव म्हणजे आवाज, ओरडा. बाळाचे नाव म्हणून आवाज हा अर्थ मुळीच वाईट नाही. मग खरा अर्थ सोडून त्याच्या उलट अर्थ लोकांना का सांगावा, एवढेच मला कळत नाही.

आता अर्थ नसलेल्या नावाने अन्याय होतो का, याविषयी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील व्याकरणकार पतंजलींनी महाभाष्य या आपल्या व्याकरणग्रंथात शब्दांचे चार प्रकार मानले आहेत. जातिवाचक, गुणवाचक आणि क्रियावाचक शब्दांनंतर चौथा प्रकार येतो तो यदृच्छाशब्दांचा, म्हणजे ठेवणाऱ्याच्या इच्छेने ठेवलेल्या नावांचा. डित्थ हे नाव त्याचे ठरलेले उदाहरण आहे. डित्थ या शब्दाची कोणतीही व्युत्पत्ती पुढे न करता शास्त्राने त्याला शब्द म्हणून जागा दिली. म्हणून घडवलेले नाव म्हटले की परंपरा बुडाली, असा सूर कोणी लावला तर तो मला मान्य होत नाही.

त्याच महाभाष्यात मुलाचे नाव कसे असावे, याविषयी याज्ञिकांचे, म्हणजे यज्ञकर्म जाणणाऱ्यांचे, वचन उद्धृत केलेले आहे. नाव दहाव्या दिवसानंतर ठेवावे, त्याचे पहिले व्यंजन घोषवर्ण, म्हणजे ग, द, ब, म यांसारखा कंठातील कंपासह उच्चारला जाणारा वर्ण, असावे, मध्ये य, र, ल, व यांपैकी वर्ण असावा, अक्षरे दोन किंवा चार असावीत. घरगुती संस्कारांचे नियम सांगणारे पारस्कर गृह्यसूत्र मुलीच्या नावासाठी विषम संख्येची अक्षरे आणि शेवटी आ सांगते. ताई, या नियमांशेजारी मायरा ठेवून पाहा. म हा घोषवर्ण आहे, मध्ये य आणि र आहेत, लिहिताना अक्षरे तीन आहेत, आणि शेवट आकारान्त आहे. नाव कोणत्या संस्कृत प्रत्ययाने साधावे, हा तेथील पुढचा नियम हे नाव पाळत नाही, कारण ते संस्कृत नाही. परंतु वर सांगितलेल्या उच्चाराच्या कसोटीला ते उतरते. नाव ऐकताक्षणी आपले का वाटते, असे आपण विचारले होते. आपला कान ज्या ध्वनींना फार पूर्वीपासून मंगल आणि मृदू मानत आला आहे, तेच ध्वनी या नावांत आहेत, हे त्याचे निदान अर्धे उत्तर असावे.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. नाव कोणतेही ठेवा. मात्र मुलगी मोठी होऊन अर्थ विचारील, तेव्हा यादीतला बनावट अर्थ तिला सांगू नका. ‘आम्हांला ऐकायला फार आवडले म्हणून ठेवले’ हे उत्तर खरे आहे आणि पुरेसे आहे.

दोन्ही भाषांचा (चिकोडी) यांचे उत्तर

गुरुजींचे विवेचन वाचून आनंद झाला. माझे वडील कन्नड भाषक आणि आई मराठी. दोन्ही बाजूंची बारशी मी पाहिली आहेत. समाजशास्त्राचा विद्यार्थी असताना नावांच्या अभ्यासाशी माझा थोडा परिचय झाला, त्या आधारे लिहितो.

मायरा या नावाचा उगम सांगता येतो. सोळाव्या-सतराव्या शतकातील इंग्रज कवी फुल्क ग्रेव्हिल यांनी आपल्या प्रेमकवितांतील स्त्रीसाठी हे नाव वापरले. म्हणजे तेही घडवलेलेच नाव. मग ते खानापुरात ओळखीचे का वाटते? कारण त्यात आपल्याला माया ऐकू येते, मीरा ऐकू येते, आणि राजस्थानात तर लग्नाच्या वेळी मामाकडून येणाऱ्या आहेराला मायरा म्हणतातच. परक्या भाषेतून आलेले नाव आपल्या जुन्या शब्दांच्या शेजारी बसू शकले की ते टिकते. कियारा, अनाया, रियान यांचेही असेच आहे. त्यांतला एकही ध्वनी मराठी किंवा कन्नड जिभेला जड जात नाही. ज्या इंग्रजी नावांचा उच्चार आपल्याला अवघड, ती येथे कोणी ठेवीत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

याद्या पाहून असे वाटते की हा प्रकार आजचाच आणि आपल्याकडचाच आहे, परंतु तसे नाही. व्हॅनेसा हे आज जुने वाटणारे इंग्रजी नाव जोनाथन स्विफ्ट यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी एका मैत्रिणीसाठी तिच्या आडनावाचा आणि नावाचा तुकडा जोडून तयार केले. अमेरिकेत तर ‘हेवन’ या स्वर्गवाचक शब्दाची अक्षरे उलट्या क्रमाने लिहून नेव्हेया हे मुलीचे नाव करण्यात आले. २००० च्या सुमारास एका गायकाने दूरचित्रवाणीवर आपल्या मुलीचे हे नाव सांगितले आणि काही वर्षांतच ते तेथील पहिल्या शंभर नावांत जाऊन बसले. त्याच काळात एडन, जेडन, ब्रेडन, केडन अशी एकाच शेवटाची मुलग्यांची नावे तेथे भराभर पसरली. गुरुजींनी ‘न्वी’ आणि ‘अंश’ यांची जी कथा सांगितली, तीच ही.

स्टॅन्ली लीबरसन आणि केली मिकेल्सन या अभ्यासकांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील कृष्णवर्णीय कुटुंबांनी स्वतः तयार केलेली नावे लोकांना दाखवली आणि हे नाव मुलाचे की मुलीचे, असे विचारले. ती नावे लोकांनी पूर्वी ऐकलेली नव्हती, तरीही बहुतेक नावांच्या बाबतीत त्यांनी बरोबर ओळखले. नाव नवे असले तरी ते घडवणारा माणूस आपल्या समाजाच्या ध्वनिसंकेतांच्या बाहेर जात नाही, असा त्यातून बोध होतो. आपल्याकडेही शान्वी हे नाव पहिल्यांदा ऐकणारा माणूस ते मुलीचेच समजतो, आणि रेयांश मुलाचेच.

आता सीमाभागाविषयी, कारण मला स्वतःला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या आजोबांच्या पिढीतील नावे पाहा. यल्लाप्पा, कल्लाप्पा, भरमू, बसवंत, पायगोंडा, बाळगोंडा, आण्णासाहेब, रावसाहेब. या नावांत दोन्ही भाषा एकमेकींत मिसळलेल्या आहेत. मराठा घरातील यल्लाप्पाच्या ‘आप्पा’त कन्नड होती आणि त्याला कोणी परके मानले नाही. परंतु त्याच नावांवरून माणसाची जात, देव, कधी कधी गावसुद्धा समोरच्याला कळत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला, आणि त्यानंतर येथे भाषा हीसुद्धा नावावरून ओळखण्याची आणि कधी कधी मोजण्याची गोष्ट झाली. कार्यालयात, शाळेत, नोकरीच्या मुलाखतीत नाव उच्चारले की समोरचा मनात आपल्याला एका बाजूला बसवतो, हा अनुभव येथल्या बहुतेकांना आहे. आरव, विहान, अन्वी, मायरा ही नावे आज चिकोडीच्या कन्नड घरांतही आहेत आणि मराठी घरांतही. ज्या नावाला मागची ओळखच नाही, त्यावरून कोणाला काही ओळखता येत नाही. आईवडील हे मोठ्याने बोलून दाखवत नाहीत, कदाचित स्वतःशीही बोलत नसतील, परंतु या नावांच्या ओढीत या मोकळेपणाचा मोठा वाटा आहे, असे मला ठामपणे वाटते, आणि त्या ओढीला मी नावे ठेवणार नाही.

एक उदाहरण देऊन थांबतो. सचिन तेंडुलकर यांचे नाव त्यांच्या वडिलांनी संगीतकार सचिन देव बर्मन यांच्या प्रेमापोटी ठेवले. बर्मन यांचे बंगाली नाव मुळात शचीन, म्हणजे शचीचा पती इंद्र. मराठीत येताना श चा स झाला, दीर्घ ई ऱ्हस्व झाली आणि इंद्र दिसेनासा झाला. त्यानंतर बेळगावपासून बंगळूरपर्यंत कितीतरी घरांत सचिन जन्मले आणि त्यांना कोणी अर्थ विचारला नाही.

शाळेतली बाई (बेळगाव तालुका) यांचे उत्तर

वरील दोघांनी उगमाविषयी पुष्कळ लिहिले आहे. मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि दरवर्षी जून महिन्यात पहिलीची हजेरी लिहिते, त्यामुळे लिप्यांच्या प्रश्नाचे उत्तर देणे माझे काम आहे असे समजते.

मराठीत शब्दाच्या शेवटी आलेला अ आपण उच्चारत नाही, कन्नडमध्ये तो उच्चारला जातो. म्हणून कन्नडमध्ये आरव असे साधे लिहिले तर शेवटचा अ उच्चारून वाचले जाते. मराठीसारखा उच्चार हवा असेल तर शेवटचे व्यंजन हलन्त लिहावे लागते. व्यंजनान्त नावांच्या बाबतीत हे दाखला काढतानाच पाहावे. मुलींच्या नावांत ही अडचण फारशी येत नाही, परंतु मराठी नावांच्या शेवटची दीर्घ ई कन्नडमध्ये पुष्कळदा ऱ्हस्व लिहिली जाते, म्हणून मान्वी तेथे मान्वि होऊ शकते. कन्नडमध्ये ए आणि ओ यांचेही ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन प्रकार आहेत. ज्यांना रेयांश किंवा रेवा ठेवायचे आहे त्यांनी पहिले अक्षर दीर्घ ए चे आहे, हे सांगून लिहवून घ्यावे.

खरी अडचण मला जुन्या आणि अस्सल मराठी नावांत दिसते. जाई आणि जुई या नावांतला आपला ज कन्नडमध्ये नाही. तेथे तो जीवनातल्या ज सारखा होतो. ज्ञानदा या नावातला ज्ञ आपण द्न्य असा उच्चारतो, कन्नड शिक्षक ग्न असा उच्चारतात, आणि इंग्रजी अक्षरे लिहिताना तर घराघरांत निराळी पद्धत असते. अशी मुले दहावीच्या गुणपत्रिकेपर्यंत येतात तेव्हा जन्मदाखला, आधार आणि शाळा यांत नावाची तीन रूपे झालेली असतात, आणि मग पालकांना शपथपत्रे करीत फिरावे लागते. मायरा हे नाव तिन्ही लिप्यांत जवळजवळ सारखेच राहते. नव्या नावांच्या आवडीमागे हेही एक व्यावहारिक कारण आहे, याचा उल्लेख वर कोणी केला नाही म्हणून करते.

इंग्रजीत त साठी टी आणि एच अशी दोन अक्षरे लिहिण्याची पद्धत कर्नाटकात आहे आणि महाराष्ट्रात नाही. अद्वैत, अमित, स्वाती या नावांचे आपल्याकडे दोन्ही प्रकार आढळतात. एकदा ठरवून घ्यावे आणि सर्व कागदांवर तेच ठेवावे. अंकशास्त्रासाठी मध्येच एक जादा ए किंवा आय घालणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की सहा वर्षांचे मूल ते नाव लिहायला शिकणार आहे, याचा विचार करावा.

मान्वीबद्दल एक सांगते. रायचूर जिल्ह्यात मान्वी नावाचा तालुका आहे. कन्नड मुले वर्गात हे नाव ऐकतील तेव्हा त्यांना प्रथम ते गाव आठवेल. यात वाईट काही नाही, परंतु आपणास आधी ठाऊक असावे.

शहापूरची आजी (बेळगाव) यांचे उत्तर

मी सासूबाईंच्या बाजूने लिहिते. आमच्या काळी घरातल्या वडीलधाऱ्याचे नाव नातवाला ठेवत, आणि सुनेने सासऱ्यांचे नाव उच्चारायचे नाही म्हणून ती मुलाला जन्मभर बाबू किंवा आप्पू म्हणत असे. त्या काळात आम्हां आयांना आपल्याच मुलाला नावाने हाक मारता आली नाही. मुलगे जगत नसले की पुढच्याचे नाव दगडू किंवा धोंडू ठेवत, मुलगी नको असली की नकुशी. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा अडीचशेहून अधिक नकुशींना समारंभ करून नवी नावे दिली, ही बातमी वाचून मला रडू आले होते. म्हणून आजच्या आया ऐकायला गोड वाटणारे नाव हौसेने शोधतात, ते मला मनापासून आवडते.

तरीही रेणुका हे नाव सोडू नये असे वाटते. ते कन्नडमध्ये, मराठीत, इंग्रजीत सारखेच आहे, आणि सौंदत्तीच्या डोंगरावर दोन्ही भाषांची माणसे त्या नावाने हाक मारतात. पाळण्यात एकाहून अधिक नावे ठेवण्याची पद्धत आपल्यात आहेच. आत्याने कानात कुर्र करताना पहिले नाव रेणुका सांगावे, दुसरे तुमच्या आवडीचे.

मलप्रभाकाठ (खानापूर) यांचे प्रत्युत्तर

आपणा सर्वांचे लेखन आम्ही दोघांनी एकत्र वाचले आणि सासूबाईंनाही वाचून दाखवले. मान्वी आम्ही सोडले आहे. गुरुजींनी सांगितलेले मूळ पाहता ते नाव आवडायचे कारण तन्वी हे नाव आवडणे हेच होते, असे यजमान म्हणाले, आणि ते पटले. पाळण्यात रेणुका आणि मायरा ही दोन्ही नावे सांगायची, एवढे घरात सर्वांनी मान्य केले. कागदावर कोणते नाव घालायचे, यावर मात्र अजून बोलणे चालू आहे. दाखल्यात नाव घालण्यासाठी किती अवधी असतो, हे कोणी सांगू शकेल काय? जन्माची नोंद रुग्णालयामार्फत झाली आहे, नावाची जागा रिकामी आहे.

शाळेतली बाई (बेळगाव तालुका) यांचे उत्तर

जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा आहे. त्यानुसार जन्माची नोंद २१ दिवसांत करावयाची असते, ती आपली झाली आहे. नाव नंतर घालता येते. नोंदीपासून बारा महिन्यांपर्यंत त्यासाठी शुल्क नसते, त्यानंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येते. तरीही फार काळ थांबू नये. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून अनेक कामांना जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जातो, त्यामुळे त्यातील नावाचे रूप पुढे सर्वत्र जाते.

अर्ज देताना कन्नड रूप स्वतः लिहून न्यावे. कन्नड येत नसेल तर शेजारच्या एखाद्या कन्नड शिक्षकाकडून लिहून घ्यावे आणि तीच चिठ्ठी अर्जाला जोडावी. मायरा लिहिताना शेवटचा आ दीर्घ आहे, रेणुका लिहिताना पहिला ए दीर्घ आहे आणि णु ऱ्हस्व आहे, एवढे तपासा. दाखला हातात आल्यावर खिडकीपाशीच दोन्ही भाषांतील नाव वाचून घ्या, कारण तेथे लगेच दाखवलेली चूक दुरुस्त करून घेणे नंतरच्या मानाने पुष्कळ सोपे असते.